पंचगंगा-कृष्णाकाठच्या घरांसाठी: पुराआधी माणसं आणि जनावरं हलवण्याची तयारी

मृग लागला की पेरणीच्या धांदलीत पुराची आठवण कोणालाच राहत नाही. पण आपल्याकडचे मोठे पूर पुष्य-आश्लेषातले आहेत. २००५ आणि २०२१ चा जुलैच्या उत्तरार्धात आला, २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे तयारीला तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस, सुरू होईपर्यंतचेच दिवस आहेत.

निघायचं कधी, हे आत्ताच घरात ठरवून ठेवा. ‘२००५ ला पाणी आपल्या पायरीला लागलं नव्हतं’ या भरवशावर २०१९ ला कितीतरी घरं थांबली, आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. भिंतीवरच्या जुन्या खुणेला काही अर्थ नाही. मोजमाप बंधाऱ्याचं आणि पुलाचं धरा. कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३; आयर्विनला ४० आणि ४५. सखल भागातल्या आणि जनावरं असलेल्या घरानं इशारा पातळीलाच हलावं, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसं तासाभरात निघतील. व्यायला झालेली म्हैस रात्री, पावसात, कमरेएवढ्या पाण्यातून कशी काढणार?

शिवाय आपल्याकडे पाणी बऱ्याचदा नदीकडून येतच नाही. नदी चढली की ओढ्याचं पाणी तुंबून मागं सरकतं, म्हणजे फूग येते, मागचा रस्ता बंद होतो, आणि घर कोरडं असतानाच गावाचं बेट होतं. २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमध्ये बोट उलटून माणसं बुडाली, ती वेढा पडल्यानंतर बाहेर पडत होती. म्हणून आपल्या वाटेवर पहिल्यांदा कोणता पूल किंवा फरशी (ओढ्यावरचा ठेंगणा पूल) पाण्याखाली जाते ते बघा, आणि ती बुडायच्या आत निघा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, कोणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. दरवाजे उघडल्याचा निरोप आला की गोठ्याकडे वळायचं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानं पूर वाढतो का, यावर चावडीत हवा तेवढा वाद घाला, पण जनावरं माळावर पोचल्यावर.

गोठ्याच्या तयारीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या साथीच्या रोगांची लस अजून टोचली नसेल तर याच आठवड्यात टोचून घ्या, कारण अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. छावणीत दहा गावची जनावरं एकत्र येतात, तिथं लाळ्या-खुरकूतही पसरतो. कानातले बिल्ले जागेवर आहेत का पाहा, नंबर वहीत लिहा, प्रत्येक जनावराचा फोटो मोबाइलात ठेवा. उंचावरच्या पाहुण्यांशी आत्ताच बोलून ठेवा: किती जनावरं, कुठं बांधायची, पाण्याची सोय काय. दुभत्या म्हशीला दिवसाला ५०-६० लिटर पाणी सहज लागतं. वैरणीचं तर विचारूच नका. पुरात मळीतला (नदीकाठच्या गाळाच्या रानातला) ऊस बुडतो, वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे मिळत नाहीत, आणि कडब्याचे भाव चढतात. मुरघासाच्या (मुरवून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा आणि थोडा कडबा आधीच त्या जागेवर नेऊन झाकून ठेवा. गाळ बसलेली किंवा बुरशी आलेली वैरण मात्र जनावरापुढे टाकू नका.

आणि काहीही झालं तरी जनावर दाव्याला बांधून घर सोडू नका. अगदीच हलवता आलं नाही तर दावं कापून मोकळं करा.

नदीवरची मोटार आणि स्टार्टरची पेटी पाणी पात्राबाहेर पडायच्या आधी वर काढा. कीटकनाशकाच्या बाटल्या आणि युरियाची पोती गोठ्यात किंवा घरात खाली राहिली तर सगळं पाण्यात मिसळतं. गॅसची टाकी पाण्यावर तरंगते, म्हणून रेग्युलेटर काढून ती वर ठेवा किंवा बांधा. निघताना मेन स्विच बंद करायचा. सातबारा, बँकेची पासबुकं, आधार, रोजच्या गोळ्या हे सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी घरातल्या एकाच माणसाच्या जबाबदारीवर. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, जनावरांसाठी १९६२ हे नंबर लहान पोरांनाही पाठ असू द्या.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, मुदतीत करून घ्या. पीक सातबाऱ्यावर नसेल तर भरपाईच्या वेळी हेलपाटे वाढतात.

पाणी उतरल्यावर परतायची घाई नको. घरात शिरताना हातात काठी आणि बॅटरी, पायात गमबूट. फडताळात, अंथरुणाच्या गुंडाळीत नाग-घोणस बसलेले असतात. वायरमननं तपासल्याशिवाय वीज चालू करू नका. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, आणि ताप आला तर लेप्टोची (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका डॉक्टरांना आपणहून सांगा. आडाचं पाणी उपसून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनच वापरात घ्या. गाळ ओला असतानाच काढला तर निघतो, पण फावडं उचलण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ, पडझड आणि शेतातलं पीक यांचे फोटो काढा. जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकाकडून तपासणी आणि तलाठ्याकडून पंचनामा झाल्याशिवाय ते पुरू नका.