कोकणातल्या खाडीत शिडाची बोट नांगरताना : पुण्याहून जाणाऱ्यांसाठी

आपण पुणेकर शिडाची बोट शिकतो ती खडकवासल्याच्या पाण्यात, आणि तिथे नांगर टाकायचं काम फार सोपं असतं कारण संध्याकाळी जेवढं पाणी तेवढंच सकाळी. कोकणात तसं नाही. तिथे आपण झोपलेलो असताना खालचं पाणी दोन मीटर वर चढतं, मुंबईकडे मोठ्या उधाणाला तर चार मीटरच्या वर, आणि सगळी गडबड इथेच होते. मी स्वतः पहिल्यांदा जयगडच्या खाडीत गेलो तेव्हा ओहोटीच्या पाण्याच्या हिशोबाने दोर सोडून निवांत जेवलो, आणि रात्री दोनला उठून बघतो तर किनाऱ्यावरचा दिवा भलत्याच बाजूला, म्हणजे नांगर सरकत होता. नशिबाने मागे मोकळं पाणी होतं.

म्हणून आधी हिशोब. नांगर वजनाने धरत नाही, त्याला आडवी ओढ बसली की तो तळात रुततो आणि ओढ वरून बसली की उपटून येतो, त्यामुळे दोर-साखळी लांब सोडावी लागते. पूर्ण साखळी असेल तर खोलीच्या पाचपट, थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट, वारा जोराचा असेल तर दहापट. पण खोली कुठली धरायची? ओहोटीला पोचलात आणि पाणी 3 मीटर आहे, भरतीला अजून 2 मीटर चढणार, आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून 1 मीटर उंच, म्हणजे खोली धरायची 6 मीटर. साखळी 30 मीटर, दोर असेल तर 42. नुसते 3 मीटर धरून 15 मीटर साखळी सोडलीत तर भरतीला ती अडीचपटच उरते!! आणि उलटंही बघा, भरतीला पोचला असाल तर ओहोटीला बोटीखाली किती पाणी राहील ते आधी काढा. तुमचं खोलीचं यंत्र पाण्याच्या पातळीपासून मोजतंय की बोटीच्या बुडापासून, हेही एकदा नक्की करून घ्या.

भरतीची वेळ टाइड टेबलमध्ये बघाच, पण कोकणातली जुनी पाऊणपटीची रीतही कामाला येते, तिथीला पाऊणने गुणायचं, म्हणजे चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी सगळ्यात कमी चढतं-उतरतं. आणि पाणी सारखं चढत नाही, सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ अर्धं चढतं, तेव्हा जागं राहा.

आता जागा. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, म्हणून आपण डोंगराचा आडोसा बघून खूश होतो, पण रात्री वारा फिरून जमिनीकडून मतलई सुटतो आणि बोट गोल फिरून बरोबर उलट्या बाजूला जाते. तर सोडलेला दोर अधिक बोटीची लांबी एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ मनात काढा, त्यात खडक, दुसरी बोट, डोल जाळ्याचे खांब काही नको. खाडीत भरती-ओहोटीच्या प्रवाहाची ओढ बरेचदा वाऱ्यापेक्षा जास्त असते, म्हणून शेजारची होडीही आपल्यासारखीच फिरेल असं धरू नका. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींच्या वाटेत तर अजिबात नको. तळ चिखल किंवा वाळूचा हवा, खडकात नांगर एकतर धरत नाही नाहीतर अडकून बसतो. गावातल्या कोळी दादांना विचारा, त्यांना तळ पाठ असतो, मला आजवर कुणी चुकीची जागा दाखवलेली नाही.

टाकताना नाळ वाऱ्याकडे करून बोट पूर्ण थांबवा, नांगर फेकू नका, हळू खाली सोडा, आणि बोट मागे जाऊ लागली की साखळी सोडत राहा, एकदम ढीग केलात तर ती नांगरातच गुंतते. सगळी सोडून झाली की इंजिन रिव्हर्समध्ये हळूहळू वाढवा आणि साखळीवर हात ठेवा. थरथर जाणवली तर नांगर घसरतोय, ताठ आणि शांत असेल तर धरलाय. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, देवळाचा कळस आणि मागचा माड वगैरे, रेषा मोडली की समजायचं. फोनवर अँकर अलार्म (बोट जागेवरून सरकली की वाजणारा) लावाच पण बॅटरी बघून. नांगर धरला नाही तर दोर वाढवत बसू नका, उचला आणि परत टाका, अंधार पडायला अजून तासभर आहे अशा वेळी पोचलात तर हे जमतं.

रात्री चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा आणि दिवसा पुढे काळा गोळा, पहाटे मच्छीमार बोटी वेगात बाहेर पडतात, त्यांना तुम्ही दिसायला हवेत.

सकाळी उचलताना हाताने ओढत बसू नका, इंजिनवर हळू पुढे जा, दोर उभा झाला की बांधा आणि बोटीलाच तो उपटू द्या. चिखल भरपूर येतो, एक बादली जवळ ठेवा.