नवरदेवाच्या गाडीला पॉलिश मारण्याआधी: मशीन तापू नये म्हणून काय बघून ठेवायचं

आपल्याकडे लग्नसराई आणि ऊन एकत्रच येतात. बाहेर पारा ४४-४५ वर आणि गाडीवाल्याला गाडी उद्या सकाळी चकाचक पाहिजे. अशात पॉलिशिंग मशीन तापली की तोंडातून पहिलं वाक्य निघतं, "आर्मेचर गेलं वाटते." आर्मेचर म्हणजे मोटरचा आत फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग. तो बहुतेक वेळा गेलेला नसतो. हवा अडलेली असते, लाइन डिम (व्होल्टेज कमी) असते, नाहीतर पॅड कंपाउंडनं, म्हणजे घासायच्या पेस्टनं, गच्च झालेला असतो. या तिन्ही गोष्टी मशीन न खोलता दुरुस्त होतात आणि कामाच्या आदल्या संध्याकाळी तासाभरात बघून होतात. ऐन कामात, गाडीवाला डोक्यावर उभा असताना, त्या कोणालाच दिसत नाहीत.

मशीन याआधीच्या कामात तापली असेल तर ती नेमकी कुठे तापली होती, ते आधी आठवा. पोट्टे सांगतात, "लय तापून राहिली भाऊ." पण पुढे तापली की मागे, हे विचारल्याशिवाय उपयोग नाही. पुढचं गिअरचं डोकं तापत असेल तर पॅड, दाब, ग्रीस किंवा पुढचं बेअरिंग. मधलं अंग तापत असेल तर हवेचा रस्ता बंद आहे किंवा मोटरवर लोड जास्त येतो. मागच्या बाजूला, जिथे कार्बन (मोटरला वीज पोचवणारे घासते तुकडे) बसतात तिथे तापून ठिणग्या दिसत असतील तर कार्बन आणि कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल). आणि मशीन ठीक पण पिन नाहीतर वायर गरम होत असेल, तर दोष बोर्डात किंवा वायरीत आहे, मशीनला हात लावू नका. मे महिन्यात मशीन कोमट राहणारच, त्याचं टेन्शन घ्यायचं नाही. उघडा हात तीन-चार सेकंदही टेकवता येत नसेल तर मात्र थांबायचं.

संध्याकाळची सुरुवात हवेपासून करा, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त मशीन इथेच मार खातात. मोटरच्या दांड्यावरच पंखा असतो. तो मागच्या जाळीतून हवा ओढतो आणि वायंडिंगवरून (तांब्याच्या तारेच्या गुंडाळीवरून) नेऊन पुढून बाहेर टाकतो. ती जाळी अर्धी बंद झाली की मशीनचा श्वासच बंद. वणी, पांढरकवडा, हिंगणघाट अशा कापसाच्या पट्ट्यात जिनिंगच्या दिवसांत हवेत रुईचे तंतू उडत असतात. त्यात मायक्रोफायबरच्या कापडाचे तंतू, पॅडची लोकर आणि वाळलेल्या कंपाउंडची पांढरी भुकटी मिसळते. हे सगळं जाळीच्या आतल्या बाजूला बसतं, म्हणून बाहेरून मशीन स्वच्छ दिसते. प्लग काढा, टॉर्च मारा आणि चिमट्यानं एक टोक ओढून बघा. कधीकधी अख्खा थर नमद्यासारखा एका तुकड्यात निघून येतो आणि मग कळतं की मशीन काऊन तापत होती. सोयाबीन काढणीच्या दिवसांत थ्रेशर जवळ चालू असेल तर भुसाही असाच जातो आणि घुग्गुस-वणीच्या रस्त्यावरच्या गॅरेजात कोळशाची काळी धूळ. कोळशाची धूळ वाईट, कारण तिच्यातून थोडीफार वीजही वाहते आणि कार्बनच्या घराभोवती साचली की ठिणग्या वाढतात.

साफ करायला पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर सगळ्यांना सोयीचा पडतो. पण त्याच्या टाकीत पाणी साचलेलं असतं. आधी खालचा कॉक उघडून पाणी काढायला सांगा, मगच हवा मारा, नाहीतर धुळीचा चिखल होऊन तो वायंडिंगला चिकटतो. प्रेशर कमी ठेवा, नळी जाळीपासून वीतभर लांब धरा, डोळ्यावर चष्मा असू द्या.

प्लग काढलेलाच असताना पुढची गोल प्लेट हातानं फिरवून बघा. ती मऊ फिरली पाहिजे. खरखर लागली किंवा प्लेट वर-खाली हलली तर बेअरिंग संपत आलं आहे. मग कार्बन. दोन्ही बाजूंच्या टोप्या स्क्रूड्रायव्हरनं काढा. कुठला कार्बन कुठल्या बाजूचा आणि कोणत्या दिशेनं बसला होता, यावर मार्करनं खूण करा. तोंड कॉम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे झिजलेलं असतं. उलटा बसला तर टेकतो कमी आणि ठिणग्या देतो जास्त. कार्बनवर झीज-मर्यादेची रेघ असेल तर ती बघा. नसेल तर पाच-सहा मिलिमीटर उरला की बदला आणि बदलायचे ते दोन्ही एकदम. जुना सोबत नेऊन मापानंच घ्या. "हा बसते, थोडा घासून घ्या" असं दुकानदार म्हणाला तर नको म्हणा. नवा कार्बन टाकल्यावर मशीन थोडा वेळ बिनलोड, मधल्या स्पीडवर फिरवा म्हणजे त्याचं तोंड बसतं. बारीक निळी ठिणगी चालते. कॉम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरताना दिसलं तर मशीन तिथेच बंद.

आता लाइन. गावात, वाडीवर किंवा मंगल कार्यालयाच्या आवारात जाऊन काम करायचं असेल तर घरमालकाला एक प्रश्न आदल्या दिवशीच विचारा: "याच डीपीवर शेतीचे पंप आहेत का आणि ते कधी चालू होतात?" रब्बीत हरभऱ्याच्या-गव्हाच्या पाण्याच्या वेळी आणि वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराच्या संत्र्याला उन्हाळाभर पाणी द्यावं लागतं तेव्हा पंप सुरू झाले की व्होल्टेज बसतं. मल्टिमीटर खिशात ठेवा. पंप चालू असताना आणि मशीन लोडवर असताना, दोन्ही वेळी बोर्डावरचा आकडा बघा. आपली लाइन २३० ची. २१५ च्या वर असेल तर निवांत काम करा. १९० च्या खाली गेली तर कटिंगचं (चरे घासून काढायचं) काम पुढे ढकला, फार तर फिनिशिंग (शेवटची चमक) करा.

कारण समजून घेतलं तर हे लक्षात राहतं. पॉलिशरची मोटर शेतातल्या पंपाच्या मोटरसारखी नसते. व्होल्टेज कमी झालं की पंप करंट जास्त ओढून तापतो. आपली मशीन आधी हळू होते. हळू झाली की पंखाही हळू होतो, कारण दांडा एकच. मग कट येत नाही म्हणून माणूस वरून जोर देतो आणि कमी हवेत जास्त लोड पडतो. स्पीडचा आकडा एक-दोनवर ठेवून दाबून काम करणारेही मशीन अशीच जाळतात. "हळू चालवली तर तापत नाही" ही समजूत इथे उलटी पडते.

एक्स्टेंशनची वायर दीड एमएम तांब्याची तरी हवी, लांब अंतराला अडीच. १२०० वॅटची मशीन पाच-सव्वापाच अँपिअर घेते. २५ मीटर लांब एक एमएम वायरीत जाता-येता मिळून पाचेक व्होल्ट खर्ची पडतात. २३० वर ते काहीच नाही, पण १९५ च्या लाइनीवर तेही जड जातात. रीलवाला बोर्ड असेल तर वायर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर स्वतःच तापते आणि आतलं प्लॅस्टिक मऊ होतं. पिन १६ अँपिअरच्या पॉइंटला लावा, ढिल्या सॉकेटला नको. गाडी धुतल्याचं पाणी आसपास असतं, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लाइनीत असलेला बरा. लाइट गेली म्हणून घरच्या ८००-९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर मशीन लावायची नाही, मालकानं कितीही आग्रह केला तरी.

पॅडची तयारी लोक हलक्यात घेतात. एका गाडीला एकच कटिंग पॅड घेऊन बसायचं नाही. चार-पाच स्वच्छ, कोरडे पॅड ठेवा आणि आळीपाळीनं वापरा. एक चालू असताना बाकीचे सावलीत थंड होतात. प्रत्येक दोन-तीन भागांनंतर पॅड ब्रशनं किंवा हवेनं साफ करा. वाळलेलं कंपाउंड साचलेला फोम चिकटतो, ओढतो आणि सगळा लोड मोटरवर जातो. डीए मशीन (पॅड फिरवता फिरवता थरथरवणारी) असेल तर मागच्या प्लेटच्या कडेवर मार्करनं एक रेघ मारून ठेवा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. दाबामुळे पॅड फिरायचा थांबला आणि नुसता थरथरतो असं दिसलं, की उष्णता पॅडच्या मध्यभागी साचते आणि वेल्क्रोचे आकडे वितळून पॅड सुटतो. कंपनीनं पाच इंचांची प्लेट दिली असेल तर सहाची लावू नका. आतलं वजन त्या प्लेटच्या मापानं तोललेलं असतं, ते बिघडलं की थरथर वाढून बेअरिंग तापतं.

जागा सावलीची आणि गाडी थंड पाहिजे. कडुनिंबाच्या झाडाखाली निंबोळ्या आणि धूळ पडते, त्यापेक्षा शेड बरी. बोनेटवर तळहात ठेवता येत नसेल तर कंपाउंड लावता लावता वाळणार, पॅड ओढणार, मशीन तापणार. उन्हाळ्यात सकाळी सहा ते दहा हे खरं कामाचं, उरलेलं सूर्य उतरल्यावर. दोन बाय दोन फुटांचा तुकडा घ्या, मशीनचं वजन पुरे, वरून खांदा टाकायची गरज नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर आणि पत्र्याच्या कडांवर आणखी सांभाळून, प्लॅस्टिकमधून उष्णता पसरत नाही आणि रंग लवकर जातो. एक भाग झाला की पुसायचं, टॉर्चनं बघायचं. तेवढ्यात मशीनलाही विसावा मिळतो, वेगळा ब्रेक घ्यावा लागत नाही.

एवढं करूनही मधेच तापली तर लगेच बंद करून खाली ठेवू नका. पॅड गाडीपासून उचला आणि एक-दोन मिनिटं बिनलोड फिरू द्या म्हणजे आतली उष्णता पंखा बाहेर काढतो. ओलं फडकं गुंडाळू नका. कूलरसमोर तर अजिबात ठेवू नका, वुडवूलमधून येणाऱ्या वाऱ्यात पाण्याचे तुषार असतात. थंड झाल्यावर वास घ्या. वार्निश जळाल्याचा तिखट वास येत असेल तर वायंडिंगचं काम आहे, पुन्हा चालवून बघायचा मोह आवरा.

गिअरच्या डोक्यातलं ग्रीस वाळलं असेल तर ते बदलता येतं, पण ट्रॅक्टरच्या ग्रीसगननं ठासून भरू नका. भरगच्च ग्रीस घुसळलं जाऊन स्वतःच तापतं आणि सील फोडून मोटरकडे जातं. कंपनीनं सांगितलेलंच आणि तेवढंच. आर्मेचर गेलं असेल तर तालुक्याच्या रिवायंडिंगवाल्याकडे भरायला देण्यापेक्षा नवीनच टाका. तीन-पाच एचपीचे पंप तो डोळे मिटून भरतो, पण आपल्या मशीनचं आर्मेचर मिनिटाला हजारो फेरे घेतं. भरल्यावर तोल साधला नाही तर नवीन बेअरिंगही टिकत नाहीत.

आणि वरात संध्याकाळी, मशीन बंद, दुसरी कुठे मिळत नाही, असं झालंच तर गाडी नीट धुऊन, हातानं ग्लेझ आणि वॅक्स मारून द्या. फोटोत गाडी चमकेल. पण ग्लेझनं चरे फक्त झाकले जातात. चार-पाच धुण्यांत ते परत दिसतील आणि कटिंग लग्नानंतर करून देऊ, हे गाडीवाल्याला किल्ली देतानाच सांगा. पैसेही आज फक्त वॅक्सचेच घ्या.