रुंद कॅरॅव्हॅन, अरुंद रस्ता

गाडी गेली म्हणजे मागची कॅरॅव्हॅनही (गाडीला जोडून ओढायचं चाकांवरचं घर) जाईल, या भ्रमात राहू नका. गाडी साधारण १.८ मीटर रुंद आणि कॅरॅव्हॅन २.५ मीटर असेल, तर ती दोन्ही बाजूंना दीड-दीड वीत बाहेर असते. त्यामुळे गाडीचे नेहमीचे आरसे पुरत नाहीत, जादा लांब आरसे लावाच. त्यांत कॅरॅव्हॅनची बाजू आणि तिचं चाक रस्त्याच्या कडेपासून किती लांब आहे, दोन्ही दिसायला हवं.

समोरून मोठं वाहन आलं की आपण घाबरून कडेला दाबतो. माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. कडेची माती ओली असली की चाक रुततं, कॅरॅव्हॅन कलते आणि तिचा वरचा कोपरा फांदीवर घासतो. (खालचं बघताना वरचं कुणी बघतच नाही!) त्यापेक्षा रुंद जागा दिसली की तिथेच थांबा, समोरच्याला आधी जाऊ द्या.

वळणावर कॅरॅव्हॅनची चाकं आतून कापत जातात. गाडी नेहमीपेक्षा थोडी पुढे नेऊन मगच स्टिअरिंग फिरवा. मागे घ्यायची वेळ आलीच, तर सोबतच्याला खाली उतरवा, आणि तो आरशात दिसेनासा झाला की लगेच ब्रेक दाबा.