हिवाळ्याची कविता पाठ करून घेताय? या चुका टाळा

थंडीवरची आठ ओळींची कविता. घोकून घोकून मूल कंटाळलं, सांगणारेही कंटाळले, तरी पाचव्या ओळीशी गाडी अडते ती अडतेच. अशा वेळी पहिला संशय मुलावर जातो: लक्ष नाही, आठवणच कमी आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबाबत हा संशय बहुतेक वेळा खोटा ठरतो. हीच मुलं जाहिरातींच्या ओळी कुणी न शिकवता धडाधड म्हणतात. गडबड असते ती आपल्या घाईत. कविता पुरेशी कानावर पडण्याआधीच आपण 'म्हणून दाखव' म्हणतो. खालच्या बऱ्याच चुका या एकाच घाईतून निघालेल्या आहेत.

बोलायला सोयीचं म्हणून ही एक साधी कविता समोर ठेवू:

थंडी आली दारात,
ऊन बसलं घरात.
नाक झालं लालेलाल,
गार पडले दोन्ही गाल.
तोंडामधून निघे वाफ,
काच पुसू या, होईल साफ.
टोपी, मोजे घाला रे,
चला धुक्यात, चला रे!

प्रत्येक ओळीत चार टाळ्या बसतात. थंडी-आली-दा-रात. निवडलेली कविता एकदा अशी टाळ्यांवर म्हणून बघा. तुमचीच टाळी अडखळली, तर मुलाची जीभही तिथेच अडखळणार. ढोबळ अंदाज असा धरा: तीन वर्षांच्या मुलाला दोन ते चार ओळी, चार वर्षांच्या मुलाला चार ते आठ, पाच-सहा वर्षांच्या मुलाला आठ ते बारा. 'शिशिर', 'दहिवर' असे एक-दोन अनोळखी शब्द असले तर बिघडत नाही, उलट मुलांना त्यांची गंमत वाटते. सगळी ओळच तशी असली तर कविता मोठ्या वर्गासाठी ठेवा.

ऐकण्याआधी म्हणायला लावणं

नवी कविता पहिले दोन-तीन दिवस नुसती ऐकवायची. तीही 'आता लक्ष देऊन ऐका हं' अशी प्रस्तावना न करता, स्वेटर घालताना, बूट चढवताना, हात धुवायच्या रांगेत. मुलाला म्हणायला सांगायचं नाही. म्हणालंच तर अडवायचंही नाही.

मग ओळीतला शेवटचा शब्द गिळायचा. 'गार पडले दोन्ही...' आणि थांबायचं. मूल 'गाल!' म्हणतं, कारण ठेका आणि यमक दोन्ही त्याला तिकडे ढकलतात. दुसऱ्या दिवशी शेवटचे दोन शब्द गिळायचे, मग अर्धी ओळ, मग एकाआड एक ओळ. मूल स्वतः आठवून म्हणू लागलेलं असतं आणि आपण परीक्षा देतोय हे त्याच्या गावीही नसतं. नुसतं पुन्हापुन्हा ऐकण्यापेक्षा असं थोडं थोडं आठवायला लागलं की कविता जास्त टिकते.

थांबलात की मनात तीनपर्यंत मोजा. लहान मुलाला शब्द शोधून तोंडात आणायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि मोठी माणसं क्षणभरही दम न धरता स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात. मोबाइलवरचा व्हिडिओ कमी पडतो तो इथेच. चित्रं छान, चाल छान, पण 'दोन्ही...' म्हणून तो वाट बघत नाही.

पहिली ओळ पक्की, मगच दुसरी

ही सर्वांत जुनी आणि सर्वांत टिकाऊ चूक. पहिली ओळ घोटवली, मग पहिली आणि दुसरी, मग पहिली, दुसरी, तिसरी. शेवटी हिशेब काय होतो? 'थंडी आली दारात' ऐंशी वेळा म्हणून होतं आणि 'चला धुक्यात' जेमतेम दहा वेळा. मूल जोशात सुरुवात करतं आणि पुढे पुढे आवाज बारीक होत जातो.

त्यापेक्षा कविता पहिल्यापासून सबंध ऐकवा. तोडायचीच असेल तर जोडीने तोडा, दोन-दोन ओळींची, म्हणजे यमकाची जोडी फुटत नाही. आणि कधीतरी शेवटच्या जोडीपासून सुरुवात करा: आधी 'टोपी, मोजे' ची जोडी, मग तिच्याआधीची, असं मागे मागे. मग मूल जसजसं पुढे जातं तसतसा रस्ता ओळखीचा होत जातो.

आता ती पाचवी ओळ. मूल 'दोन्ही गाल' पर्यंत येतं आणि गप्प होतं. तुम्ही 'तोंडा...' एवढं पुरवलंत की उरलेलं सगळं घडाघडा म्हणतं. याचा अर्थ ओळ पाठ आहे, सांधा पाठ नाही. कुठल्याही यादीची सुरुवात आणि शेवट चांगला लक्षात राहतो, मधलं निसटतं; मोठ्यांचंही असंच होतं. त्यात यमकाची जोडी संपली की 'गाल' नंतर कानाला ओढणारं काही उरत नाही. म्हणून तेवढ्या सांध्याचाच सराव करायचा. 'दोन्ही गाल, तोंडामधून', 'दोन्ही गाल, तोंडामधून', दोन्ही गालांवर हात ठेवायचे आणि तेच हात सरकवत तोंडासमोर आणायचे. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायला सांगणं हा यावरचा उपाय नव्हे. त्याने पक्की ओळ आणखी पक्की होते, कच्चा सांधा तसाच राहतो.

दुसरा एक घोळ मोठ्या गमतीचा. प्रत्येक कडव्याची सुरुवात सारखीच असते, समजा 'थंडी आली, थंडी आली'. मूल तिसऱ्या कडव्यात पोचतं, तीच ओळ येते आणि ते पुन्हा पहिल्या कडव्यात शिरतं. मग गोल गोल. ऐकणारे हसतात, मूल बावरतं. अशा कवितेत कडवं बदललं की जागाही बदलायची: पहिलं दाराशी उभं राहून, दुसरं खिडकीशी, तिसरं खाली बसून. पुढे नुसती तिकडे नजर गेली तरी कडवं आठवतं. पाठ करवणाऱ्याला एवढा खटाटोप नको असेल तर चार वर्षांखालच्या मुलांसाठी असली कविता घेऊच नये.

अर्धा तास एका बैठकीत

पाच-पाच मिनिटं दिवसातून दोनदा, आठवडाभर. एवढं पुरतं. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करताना त्याला दिसलं, की एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांत विभागलेला सराव कमी फेऱ्यांत काम करतो. विसरलेलं पुन्हा शिकायला मुळापेक्षा कमी वेळ लागतो, हेही त्यानेच मोजलं. त्यामुळे सुट्टीनंतर मुलाने सगळं विसरल्यासारखं केलं तर कपाळाला हात लावू नका. दोन दिवसांत परत येतं.

अर्थाचं व्याख्यान

'वाफ म्हणजे काय, तर...' असं सुरू झालं की मुलं खिडकीबाहेर बघू लागतात. दोन ओळी हातात आरसा देऊन शिकवा. छोटा आरसा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढून लगेच मुलाला त्यावर 'हाऽऽ' करायला सांगा. श्वासातली ओलसर ऊब गार काचेला लागली की काच धुरकट होते. बोटाने त्यावर रेघ ओढू द्या, मग पुसायला लावा, आणि पुसतानाच 'काच पुसू या, होईल साफ'. ही ओळ पुन्हा समजावून सांगावी लागत नाही. थंडी फारशी पडतच नाही अशा ठिकाणीही हे जमतं. बर्फाचा खडा मुठीत धरून 'गार पडले' म्हणता येतं. ज्या गोष्टीचा मुलाला स्पर्शच झालेला नाही, तिच्यावर चार ओळी पाठ करवणं म्हणजे पोपटपंची.

'ऊन बसलं घरात' वर प्रश्न येईल: कुणाच्या घरात? लगेच उत्तर देऊ नका. मुलं आपापली उत्तरं काढतात आणि ज्या ओळीवर वाद झाला ती ओळ सहसा विसरत नाहीत.

हावभावांचा भडिमार

प्रत्येक शब्दाला एक हातवारा दिला की मुलं हातवारे पाठ करतात आणि शब्द राहून जातात. ओळीला एक हावभाव पुष्कळ झाला. तो शब्दाच्या किंचित आधी करा, म्हणजे त्याची आठवणीला मदत होते; शब्दानंतर केलेला हावभाव नुसती शोभा. आणि पहिल्याच ओळीला सगळ्या वर्गाला कुडकुडायला लावू नका. एक मूल दात वाजवतं, दुसरं त्याच्यावर कडी करतं, तिसरं जमिनीवर लोळतं, आणि कविता तिथेच संपते.

चित्रं वापरायची तर ओळीला एक, क्रमाने मांडलेली: दार, सूर्य, नाक, गाल. मुलांसमोर चार रेघांत काढलेलं चित्र विकतच्या गुळगुळीत चित्रापेक्षा जास्त उपयोगी, कारण ते कशासाठी काढलं हे त्यांनी पाहिलेलं असतं. पान भरून हिवाळ्याचं एकच मोठं दृश्य टांगलं तर त्यातून क्रम कळत नाही. कविता येऊ लागली की एकेक चित्र पालथं घाला.

चालीत बसवायची की नुसती म्हणायची, हे आधीच ठरवा. चालीवर शिकलेलं मूल चालीशिवाय बरेचदा म्हणूच शकत नाही, आणि ओढलेल्या सुरात शब्दांची टोकं विरघळतात. म्हणूनच कार्यक्रमात जशी हवी तशीच पहिल्या दिवसापासून.

मधेच अडवून सुधारणं

मूल म्हणालं, 'थंडी आली वरात'. लगेच 'वरात नाही, दारात!' केलंत की ठेका तुटतो, आणि मुलाला चूक आठवते ती तुमच्या चेहऱ्यासकट. संपूर्ण म्हणू द्या. पुढच्या फेरीत तुम्ही म्हणताना तो शब्द ठसठशीत उच्चारा, दाराकडे बोट करा. मात्र असे शब्द आठवडाभर तसेच चालू देऊ नका. चुकीचा शब्द ठेक्यात बसला की तोही तितकाच पक्का होतो.

'दालात' ही वेगळी गोष्ट. 'र' हा उशिरा वळणारा आवाज आहे. तीन-चार वर्षांच्या पुष्कळ मुलांच्या तोंडी त्याचा 'ल' होतो. ही पाठांतरातली चूक नाही आणि कवितेच्या वेळी ती सुधारायला जाऊ नये.

खेळ एकीकडे, कविता एकीकडे

खेळातून शिकवा, हे सगळे सांगतात. झेड. एम. इस्तोमिना या सोव्हिएत संशोधिकेने १९४८ साली लहान मुलांना दुकान-दुकान खेळात काही वस्तू लक्षात ठेवून आणायला लावल्या. नुसत्या 'हे शब्द लक्षात ठेव' पेक्षा खेळात त्यांना जास्त आठवल्या. पण १९८६ साली वाइसबर्ग आणि पॅरिस या अमेरिकेतल्या संशोधकांना उलट आढळलं: त्यांच्या प्रयोगातल्या मुलांना खेळापेक्षा सरळ पाठ म्हणून दिलेले शब्द जास्त आठवले. यावरून माझं मत असं झालंय, की नुसता खेळ असून भागत नाही. कवितेवाचून तो अडला पाहिजे. चेंडू फेकत कविता म्हणणं ही दोन वेगळी कामं, आणि मुलाचं लक्ष चेंडूकडेच जाणार. त्याऐवजी बाहुलीला थंडीचे कपडे चढवा: 'टोपी, मोजे घाला रे' ही ओळ म्हटल्याशिवाय टोपी मिळणार नाही. इथे ओळ आठवणं हीच खेळी होते.

घरी येतं, चारचौघांत तोंड उघडत नाही

आधी एक तपासा: कविता सुरू कोण करतं? घरी बहुतेक वेळा आई किंवा आजी 'थंडी आली...' म्हणते आणि मूल पुढे नेतं. म्हणजे पहिला शब्द त्याने स्वतःहून कधी काढलेलाच नसतो. स्टेजवर तो पहिला शब्द कुणी देत नाही आणि सगळं अडतं. कार्यक्रमाआधीच्या दिवसांत कवितेचं नाव सांगण्यापासून सगळं मुलालाच करू द्या. जागा बदला: उभ्याने, दुसऱ्या खोलीत, चित्रांशिवाय, खेळण्यातल्या अस्वलासमोर, मग एका पाहुण्यासमोर. 'घरी तर मस्त म्हणतो हो!' हे वाक्य त्याच्या देखत उच्चारू नका.

वर्गात उलटा घोटाळा होतो. सगळी मुलं एका सुरात म्हणतात, ऐकायला झकास वाटतं, प्रत्यक्षात पुढची तीन-चार ओढत असतात आणि बाकीची शेवटचा अर्धा शब्द पकडतात. अर्धा वर्ग म्हणेल, अर्धा टाळ्या वाजवेल, मग अदलाबदल, असं केलं की लगेच कळतं. ओळी वाटून देण्याचा मोह मात्र शेवटपर्यंत टाळा. ज्याला 'काच पुसू या' मिळाली, त्याला तेवढीच येते.

काही मुलं वर्गात ओठही हलवत नाहीत आणि घरी आंघोळ करताना अख्खी कविता म्हणतात. त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय 'येत नाही' असा शेरा मारू नये.

कान तपासलेत का?

हिवाळ्याच्या कवितेला हिवाळाच नडतो तो असा. सर्दी रेंगाळली की लहान मुलांच्या मधल्या कानात द्रव साठू शकतो आणि काही दिवस ऐकायला कमी येतं. दुखतही नाही, त्यामुळे मूल सांगत नाही. मागच्या महिन्यात पटकन उचलणारं मूल आता शब्द भलतेच म्हणत असेल, पहिल्या हाकेला न वळता दुसऱ्या हाकेला वळत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर कविता बाजूला ठेवा. तोवर त्याला जवळ बसवा, तोंड दिसेल असं समोरून बोला, आणि सर्दी गेल्यावरही ऐकण्यात फरक पडला नाही तर डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.