तणसातली साखर यीस्टच्या तोंडी कशी लावायची

विज्ञान प्रदर्शनात जैवइंधन म्हटलं की मुलं गुळाच्या पाण्यात यीस्ट टाकतात, फुगा फुगतो, टाळ्या पडतात. त्यात काडीकचऱ्याचा काही संबंधच नसतो. यीस्ट काडी खात नाही, साखर खातं आणि तिचं इथेनॉल, म्हणजे इंधनात चालणारं अल्कोहोल, करतं. काडीतली साखर मोकळी करणं हेच खरं काम.

आमच्या हिंगणघाटकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, ढीगभर, पण ती लाकडासारखी टणक, लिग्निन (काडीला टणक करणारा पदार्थ) फार. पहिल्यांदा करताय तर भंडाऱ्याकडून धानाचं तणस आणा. पऱ्हाटी नंतर करून पाहा, साखर कमीच निघेल.

तणस वाळवून चक्कीवर भरड दळा. १०० ग्रॅम भरड, १० ग्रॅम विरलेल्या चुन्याची पूड, एक लिटर पाणी. स्टीलच्या पातेल्यात दोन तास उकळा. जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) भांडं नको, चुना ते खातो. चष्मा आणि हातमोजे घालून शिक्षकांनीच ढवळावं. चुन्यानं लिग्निनची पकड सैल होते आणि सेल्युलोज, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, उघडं पडतं. मग कापडातून गाळून, चुन्याचा बुळबुळीतपणा जाईस्तोवर धुवा.

आता त्यात पाणी घालून लिंबू पिळा, पीएच पट्टीवर ५ च्या आसपास आणा. व्हिनेगर नको, यीस्टला त्रास होतो. सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडून साखर मोकळी करणारं एन्झाइम, पाकिटावर दिलंय तेवढं टाका आणि ५० अंशाला दोन दिवस ठेवा. चांगलं थर्मास पुरतं, गार झालं की पुन्हा गरम करा, पण ६० च्या वर जाऊ देऊ नका, एन्झाइम मरतं. शेवटी त्यातलं थोडं पाणी बेनेडिक्ट द्रावणासोबत (साखर ओळखायचं निळं द्रावण) तापवा. विटकरी रंग आला तर साखर निघाली. निळंच राहिलं तर यीस्ट वाया घालवू नका.

द्रावण ३२ अंशाला आलं की कोरडं यीस्ट चमचाभर टाका. मे महिन्यात वर्गात ठेवू नका. ४० च्या वर यीस्ट मान टाकतं. तीन बाटल्या लावा: एक गुळाच्या पाण्याची, एक या द्रावणाची, एक चुना न लावलेल्या तणसाची, एन्झाइम मात्र तिच्यातही टाकायचं. तोंडावर फुगे. एक ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ०.५१ ग्रॅम इथेनॉल होतं, बाकी कार्बन डायऑक्साइड, सुमारे पाव लिटर. फुग्याचा घेर मोजून मुलांना हिशेब करू द्या. तणसातली झायलोज साखर मात्र साधं यीस्ट आंबवत नाही, म्हणून आकडा कमी येईल.

ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून इथेनॉल वेगळं काढणं, करायचं नाही. आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा, आणि परवान्याशिवाय इथेनॉल गाळणं गुन्हा आहे. पालक विचारतातच, "मास्तर, शाळेत भट्टी लावली का जी?" त्यांना बाटली दाखवा. पानिपतला इंडियन ऑइलचा तणसापासून इथेनॉल करणारा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला, हेही सांगा. प्रयोग संपला की सगळं उकिरड्यात ओता.