लाईन आल्याबरोबर सेन्सर सापडावा म्हणून

वरुड-मोर्शीकडं संत्र्याच्या वावरात ठिबकच्या कंट्रोलरला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा लिनक्स संगणक) लावला, की अडचण गेलेली लाईन, म्हणजे वीज, परत आल्यावर दिसते. पाय सुरू होतो, पण मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर सापडायला अर्धा-एक मिनिट जातो. तोवर व्हॉल्व्ह आंधळेच.

आधी वेळ कुठं जातो ते बघा. डीमेसेज लॉगमध्ये, म्हणजे लिनक्स कर्नलच्या नोंदींत, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सेकंद छापलेले असतात. मधे 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -११०' दिसलं तर सॉफ्टवेअरला हातच लावू नका. ११० म्हणजे टाइमआउट. अशा एकेका प्रयत्नात ५ सेकंदांपर्यंत जातात. कारण बहुधा व्होल्टेज किंवा केबल. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा सप्लाय हवा, मोबाईलचा साधा चार्जर पुरत नाही. सेन्सरची आरएस-४८५ वायर यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर पायजवळच ठेवा आणि लांबची वायर आरएस-४८५ च्या बाजूनं ओढा. यूएसबी २ ची केबल ५ मीटरच्या पुढं नको.

लॉग स्वच्छ असूनही उशीर होत असेल, तर ४जी डोंगलसाठी टाकलेला मोडेम मॅनेजर हा प्रोग्राम तपासा. त्याच्या जुन्या आवृत्त्या सिरियल पोर्ट दिसला की तो मोडेम आहे का हे बघायला एटी कमांड, म्हणजे मोडेमच्या भाषेतले हुकूम, पाठवतात. मॉडबस ही वेगळीच भाषा बोलणारा आपला सेन्सर त्यांना काय उत्तर देणार? तेवढा वेळ पोर्ट अडकून राहतो. युडेव्ह (जोडलेली उपकरणं ओळखणारा लिनक्सचा भाग) च्या नियमात कन्व्हर्टरमधल्या सीएच-३४० चिपचा व्हेंडर १ए८६, प्रॉडक्ट ७५२३ लिहा आणि 'आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर' ची किंमत १ करा. कन्व्हर्टर दोन असतील तर हे क्रमांक सारखेच येतात, तेव्हा कोणता कुठला ते यूएसबीच्या खाचेवरून ओळखा.

आता सेन्सर वाचणाऱ्या स्क्रिप्टमधलं 'स्लीप ३०', म्हणजे ३० सेकंद थांबायचा हुकूम, काढा. सगळीकडं दिसणारा हा जुगाड लाईन धड असतानाही अर्धा मिनिट खातो. त्याच युडेव्ह नियमात पोर्टला 'ओलावा' असं सिमलिंक (कायमचं टोपण) नाव द्या, सर्व्हिस सुरू करणाऱ्या 'सिस्टमडी' चा टॅग लावा आणि 'सिस्टमडी_वॉन्ट्स' मध्ये आपल्या सर्व्हिसचं नाव टाका. पोर्ट तयार झाला की सर्व्हिस आपोआप उठते. प्रोग्राम थेट नियमातल्या 'रन' मधून सुरू करू नका. जास्त वेळ चालणारं काम युडेव्ह मारून टाकतो.

नियम रीलोड करून कन्व्हर्टर काढून लावा. मग पाय नीट शटडाऊन करून मेन स्विच पाडा आणि मिनिटभरानं चढवा. नुसत्या रीबूटवर विसंबू नका, त्यात यूएसबीची वीज पूर्ण जाईलच असं नाही.