एकच उदाहरण की सुटी उदाहरणे: एसक्यूएलचे पाठ रचताना

इंदूरमधल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी मी एसक्यूएलचे, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांना प्रश्न (क्वेरी) विचारण्याच्या भाषेचे, पाठ लिहायला घेतले, तेव्हा सर्वांत जास्त वेळ उदाहरण ठरवण्यात गेला. आज ग्रंथालय, उद्या बँक, परवा क्रिकेट अशी सुटी उदाहरणे घेतली, तर वाचकाची निम्मी शक्ती दर वेळी नवी टेबले समजून घेण्यातच खर्च होते. एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवले, तर मधल्याच पाठापासून वाचू लागलेल्याला आधीचे काहीच ठाऊक नसते. क्रमाने शिकवायच्या मालिकेचा कणा एकाच उदाहरणाचा असावा, परंतु त्याची जुळणी शेवटच्या पाठाकडून मागे येत करावी, असे माझे मत झाले आहे.

प्रथम असा व्यवहार निवडावा की जो वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. सराफ्यातले रात्रीचे खाण्याचे दुकान मला आधी फार मोहक वाटले होते. पण तिथे माणूस रोख पैसे देऊन निघून जातो, खाते राहत नाही, त्यामुळे टेबले एकमेकांना जोडण्याची गरजच पडत नाही. म्हणून मी भंवरकुआं भागात क्लाससाठी राहणाऱ्या मुलांना डबे पुरवणाऱ्या एका काकूंचा हिशेब कल्पिला. त्यात ग्राहक, डबे आणि जमा अशी तीनच टेबले आहेत.

त्यानंतर पुढच्या पाठांत काय शिकवायचे आहे ते कागदावर लिहून, त्यासाठी लागणाऱ्या ओळी पहिल्याच पाठाच्या डेटात घालाव्यात. माझ्या डेटातल्या ग्राहक क्रमांक ३ ने पैसे आगाऊ भरले आहेत, पण अजून एकही डबा घेतलेला नाही. पहिले तीन पाठ ही ओळ नुसती पडून असते. चौथ्या पाठात ग्राहक आणि डबे साध्या जॉइनने, म्हणजे दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवणाऱ्या जोडणीने, जोडले की क्रमांक ३ यादीतून नाहीसा होतो, आणि तो कुठे गेला हे मुले स्वतःच विचारतात. पहिल्या टेबलातल्या सगळ्या ओळी राखणारा लेफ्ट जॉइन केल्यावर तो परत येतो. मात्र ग्राहकवार गट करून काउंट या मोजणीच्या फंक्शनमध्ये तारा (*) घातला, तर त्याच्यापुढे १ डबा दिसतो, कारण जॉइनने त्याच्यासाठी डब्याचे सगळे कॉलम नल (म्हणजे मूल्यच नाही असे) असलेली एक ओळ तयार केलेली असते आणि तारा ओळी मोजतो. ताऱ्याच्या जागी डब्याचा क्रमांक घातला की उत्तर ० येते. न खाल्लेल्या डब्याचे पैसे कापले गेले असते, हे समजल्यावर तारा आणि कॉलम यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही.

अनुभवी लेखकांनी हेच केलेले आढळते. ओरॅकल या डेटाबेसच्या ‘स्कॉट’ नावाच्या जुन्या नमुना-डेटात १४ कर्मचारी आणि ४ विभाग आहेत, पण विभाग क्रमांक ४० मध्ये कोणीही नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ट्यूटोरियलमध्ये हवामानाच्या टेबलात हेवर्ड हे शहर आहे, शहरांच्या टेबलात नाही.

अखंड उदाहरणाचा खरा धोका मात्र दुरुस्तीत असतो. मी एकदा तिसऱ्या पाठात ‘रक्कम’ या कॉलमचे नाव बदलून ‘दर’ केले आणि सहाव्या पाठात जुनेच नाव राहू दिले. सगळा वर्ग एरर बघत बसला. तेव्हापासून प्रत्येक पाठाला स्वतःची प्रारंभ-फाइल असते, जी आधीची टेबले काढून टाकून, पुन्हा बनवून त्या पाठापर्यंतचा डेटा भरते. प्रसिद्ध करण्यापूर्वी रिकाम्या डेटाबेसवर केवळ तीच फाइल आणि केवळ त्याच पाठातले प्रश्न चालवून पाहावेत. मधूनच आलेल्या वाचकाचीही सोय त्यातूनच होते.

मूळ उदाहरण कुठे सोडायचे, हेही ठरवावे लागते. नल बरोबर नल विचारले असता उत्तर ‘खरे’ न येता नलच येते, हे टेबलाशिवाय एका ओळीत दाखवता येते. तारखेची आणि मजकुराची फंक्शनेही तशीच सुटी द्यावीत, कारण ती वाचक पुढे केवळ संदर्भासाठी उघडतो. रिकर्सिव्ह क्वेरीसाठी, म्हणजे आपलेच उत्तर पुन्हा वापरत साखळीने पुढे जाणाऱ्या क्वेरीसाठी, मी काकूंच्या हिशेबात ‘कोणत्या ग्राहकाने कोणाला आणले’ अशी साखळी घुसडली होती. क्वेरीपेक्षा तिचे स्पष्टीकरणच लांबले, तेव्हा ती काढून आजी, आई आणि मुलगी अशा तीन ओळींचे वेगळे टेबल घेतले.

अशा सुट्या उदाहरणाने मुख्य टेबलांतला डेटा बदलू नये. अगदीच बदलावा लागला, तर सुरुवातीला बिगिन आणि शेवटी, मधले बदल रद्द करणारे, रोलबॅक लिहावे, म्हणजे पुढच्या पाठात ग्राहक क्रमांक ३ पुन्हा एकही डबा न घेतलेलाच सापडेल.